हळदीच्या काट्यावरचं कुत्रं

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा कुत्रा उठला नाही. डोळे उघडे होते, शेपटी फरशीवर आपटत होती, पुढचे दोन्ही पाय रोवून तो जोर लावत होता. पण मागचं अंग जागचं हलत नव्हतं. मी पोळ्यांची कणीक मळत होते. हात तसेच घेऊन गेले, त्याच्या पोटाखालून जुना टॉवेल घातला आणि एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने नवरा, असं ओढून त्याला उभा केला. उभा राहिल्यावर तो थरथरत चार पावलं चालला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला. त्याची खायची वेळ झाली होती.

हिंगोलीत मोंढ्याच्या मागच्या रस्त्याला आमचं घर आहे. पुढच्या दोन खोल्यांत मी खानावळ चालवते. आडतीवरचे मुनीम, हमाल, ट्रकवाले, बदली होऊन आलेले बँकेतले लोक जेवायला असतात. किती जण येतील याचा अंदाज कितीही बांधला तरी रोज काहीतरी उरतंच. शिळं मी गिऱ्हाइकाला वाढत नाही आणि अन्न उकिरड्यावर टाकत नाही. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान होता. मग उरलेल्या पोळ्या, भात आणि पातेल्याच्या तळाचं वरण एकत्र कुस्करलं जायचं आणि कुत्र्याच्या घमेल्यात पडायचं.

कुत्रा लॅब्रॉडर जातीचा, पिवळट रंगाचा. मुलगी बारावीला असताना तिने हट्टाने आणला. पुढे ती शिकायला पुण्याला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि कुत्रा माझ्याकडे राहिला. मला कुत्र्यांची विशेष आवड नाही. पण भांडं चाटूनपुसून साफ करणारं कोणी घरात असलं की बरं वाटतं. या जातीला पोट भरल्याचं कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं. घमेलं रिकामं झालं म्हणजे त्याला भूक होती, असंच मी दहा वर्षं धरून चालले.

उपासाच्या दिवशी तर जास्तच उरायचं. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणारे लोक आमच्याकडे फराळाला थांबतात. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटे. यंदा शिवरात्रीला दोन गाड्या येणार म्हणून निरोप होता, आली एकच. उरलेलं सगळं संध्याकाळपर्यंत कुत्र्याच्या पोटात गेलं. घरात आम्हा दोघांचा निर्जळी नसला तरी कडक उपास होता.

त्याला मालवाहू रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे ओट्यावर आमच्या आधी एक माणूस गाय घेऊन थांबला होता. गायीची पुठ्ठ्याची हाडं वर आलेली, कातडी आत गेलेली. वैरण संपत आलेल्या दिवसांत अशी गुरं दिसतात. त्याने आमच्या कुत्र्याकडे पाहिलं.

"ह्याला काय झालं, ताई?"

मी बोलायच्या आत नवरा म्हणाला, "वजन वाढलंय."

"वाढलंय?" त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तो आपल्या गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मग थोडं हिला देऊन टाका की."

तो हसला, नवराही हसला. मी रिक्षाच्या दांड्याकडे बघत उभी राहिले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझा हात धरून कुत्र्याच्या कुशीवर ठेवला. "इथे बरगड्या आहेत. लागतात का बोटांना?"

"नाही."

"दाबून बघा."

दाबलं. मळलेल्या कणकेत बोट जावं तसं गेलं. ते म्हणाले, मागच्या पायांचे सांधे झिजलेत, ते काही नव्याने येणार नाहीत. पण त्यांच्यावरचा भार आपल्या हातात आहे. पावसाळ्याआधी आठ-दहा किलो उतरवा. नाहीतर ओल धरलेल्या फरशीवर हा बसला की बसला, मग रोज उचलावा लागेल. "तुम्हाला उचलवेल का तो?" त्यांनी माझ्याकडे आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की उत्तर द्यायची गरज राहिली नाही.

पोळी, भात, साबुदाणा, बटाटा, गोड बंद. मोजून दोन वेळा खाणं. उकडलेला दुधी, गाजर, एक अंडं, आणि लिहून दिलेलं कोरडं खाद्य वाटीने. रोज हळूहळू चालवणं, जोरात पळवायचं नाही. महिन्याला वजन. एवढ्या मोठ्या कुत्र्यासाठी तिथे काटा नव्हता. "मोंढ्यात करून घ्या," डॉक्टर म्हणाले.

आमच्या समोरच्याच आडतीत हळदीची पोती मोजायचा काटा आहे. मी दुपारी जेवणं उरकल्यावर गर्दी नसेल अशा बेताने त्याला घेऊन गेले. हमाल पोत्यांना टेकून विडीकाडी करत बसले होते. सगळे माझ्याच खानावळीतले.

"मावशी, सौद्याला आणलंय का?"

"वजन करायचंय."

दोघांनी त्याला काट्यावर चढवलं. तो तिथे फतकल मारून बसला आणि जीभ बाहेर काढून सगळ्यांकडे बघू लागला. काट्यावरचा आकडा थांबला तसं एकाने ओरडून सांगितलं, "पन्नासच्या पोत्याला तीन किलो कमी!"

"पट्ट्याचं बारदान वजा करा त्यातून," दुसरा म्हणाला.

"माल ओला दिसून राहिला. वाळल्यावर घट येईल."

"मावशी, तुमचं बी करून घेता का लगे हात?"

मी त्याला म्हटलं, उद्यापासून तुझ्या ताटात तिसरी पोळी पडणार नाही. सगळे हसले. मीही हसले असेन. पण कुत्र्याला खाली उतरवताना त्याचे मागचे पाय घसरले, तो लोखंडी पाट्यावर कुशीवर आदळला आणि उठताना मोठ्याने कण्हला. मग हसणं बंद झालं. ज्याने पट्ट्याचा विनोद केला होता त्यानेच त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन जमिनीवर ठेवला.

मी एखादं काम घेतलं की अर्धवट सोडत नाही. घमेलं उचलून माळ्यावर टाकलं. उरलेलं अन्न मागच्या गल्लीतल्या म्हैसवाल्याला द्यायला सुरुवात केली. कुत्र्याचं खाणं मी स्वतः मोजायची. नवऱ्याला हात लावू द्यायची नाही, कारण त्याचा जीव पटकन विरघळतो. गिऱ्हाइकांना ताकीद दिली, पाटी लावली. गल्लीत बातमी पसरली. शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडं म्हणे कुत्र्याला उपास धरायला लावलाय?" मी म्हटलं, "हो, आणि त्याला साबुदाणा चालत नाही." पण आत गेल्यावर वाटलं, ही बाई आयुष्यभर दोन वेळच्या जेवणासाठी राबली आणि मी तिला सांगतेय की माझ्याकडचं खाणं कुत्र्याला जास्त झालं.

महिन्याने पुन्हा काटा. आकडा जवळपास तोच. हमालांनी या वेळी विनोद केला नाही, त्याचंच वाईट वाटलं.

मी नवऱ्यावर संशय घेतला. त्याने खिसे उलटे करून दाखवले. "अगं, मी कशाला देऊ? मला तू कुठे जास्त देतेस?" मुनिमांवर संशय घेतला. दोन दिवस खरकट्याच्या बादलीवर नजर ठेवली. शेवटी त्याच्या डोक्याकडे लक्ष गेलं. कपाळावर, दोन कानांच्या मधे, पिवळा रंग. तो दुपारी तासभर बाहेर जातो हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी चालवा म्हटल्यावर मी उलट खूश होते की हा आपणहून चालतोय. मोंढ्याच्या बाजूला राहिलं की हळदीची धूळ सगळ्यांच्याच अंगावर असते, म्हणून कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं तर ती धूळ नव्हती. बोटांचे ठसे होते. एकावर एक, बरेच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे गेले. तो रस्ता ओलांडून आडतीच्या पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधे शिरला. तिथे हळद निवडणाऱ्या बायका बसतात. हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे, मोडका माल तिसरीकडे. सातआठ जणी होत्या, बहुतेक तांड्यावरच्या, सकाळच्या ऑटोने येणाऱ्या. नुकतीच जेवायची सुट्टी झाली होती. फडकी सुटली, भाकरी बाहेर आल्या. आणि कुत्रा रांगेच्या या टोकाला जाऊन उभा राहिला, रोजच्या कामावर आल्यासारखा.

पहिलीने भाकरीचा तुकडा मोडला, त्याला दिला, कपाळावरून हात फिरवला आणि मग स्वतः पहिला घास घेतला. तो पुढे सरकला. दुसरीने तेच केलं. तिसरीने तेच. जेवायच्या आधी मुक्या जनावराला घास काढायची आपल्याकडे रीत आहे; मी लहानपणापासून पाहिलीय. पण एवढ्या हातांचा घास एकाच तोंडात जातोय आणि त्याची बेरीज दीड भाकरीच्या वर जातेय, हे माझ्या डोक्यात उभं राहिलं आणि मी तिथूनच ओरडले.

"अहो, नका देऊ त्याला. तुमचं काहीबाही खाऊनच त्याचं दुखणं वाढलंय."

सगळ्यांचे हात थांबले. त्यांच्यात आमच्या माठावर पाणी प्यायला येणारी एक वयस्कर बाई होती, बाकीच्या तिला काकी म्हणत. तिने हातातली भाकर माझ्याकडे उचलून धरली.

"काहीबाही म्हंजे?"

मी भाकरीकडे पाहिलं.

"ज्वारीची हाय. वर ठेचा हाय, तो त्याला देत न्हाई आमी. अजून काय हाय ह्याच्यात, सांगा."

"तसं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून..."

"आमची भाकर देऊ नका म्हून सांगितलं?"

"तो आजारी आहे हो."

"आमी हीच खाऊन राहिलो, मालकीणबाई. आमी तर न्हाई पडलो आजारी."

त्याआधी ती मला नुसतं बाई म्हणायची. कधी पाणी प्यायला आली तर माठापाशी दोन शब्द बोलायची. मी कुत्र्याचा पट्टा धरला आणि ओढत निघाले. तो यायला तयार नव्हता. अजून चार जणी बाकी होत्या त्याच्या. ओढताना त्याचे मागचे पाय पुन्हा घसरले आणि त्या सगळ्यांसमोर मला वाकून, पदर खोचून, त्याला ढुंगणाखालून उचलावं लागलं. कोणी मदतीला उठलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही उठले नसते.

घरी येऊन त्याला मागच्या अंगणात बांधला. रागाच्या भरात काही वेळ बरं वाटतं, तसं वाटलं. मग भांडी घासताना एकेक गोष्ट समोर येऊ लागली. त्या बायका ऊन चढायच्या आधी निघतात, संध्याकाळी परततात, आणि जे बांधून आणतात तेवढंच दिवसभर. त्यातला पहिला तुकडा त्या कुत्र्याला देत होत्या. मी दहा वर्षं त्याला दिलं ते काय, तर माझं उरलेलं. गिऱ्हाइकाला चालत नाही, फेकायचं जिवावर येतं, म्हणून त्याच्या पोटात ढकललेलं. लोक म्हणायचे, काय जीव आहे हो तुमचा कुत्र्यावर, कसा अंगाने भरलाय. मी कधी नाही म्हटलं नाही.

बांधल्यामुळे खाणं बरोबर बसलं. दहाबारा दिवसांत कुशीवर हात ठेवला की आत काहीतरी कठीण आहे असं वाटू लागलं. पण पाय बिघडले. दुपारचं ते जाणंयेणं हीच त्याची खरी चाल होती. मी सकाळी त्याला पट्टा लावून गल्लीत नेत असे, तर तो तिसऱ्या घरापाशी बसून घ्यायचा. माझ्यासाठी चालायचं त्याला काही कारण नव्हतं. दुपारची वेळ झाली की मात्र साखळी ताणून शेडच्या दिशेला तोंड करून उभा राहायचा. मग उभं राहणंही कमी झालं. एका सकाळी टॉवेल घालून आम्ही दोघांनी ओढलं तरी तो उठेना. नवरा दमून भिंतीला टेकला आणि म्हणाला, "सोड त्याला. जाऊ दे तिकडे."

"तिकडे गेला की खातो."

"मग त्यांच्याशी बोल."

"काय बोलू?"

"ते तुला माहीत. बोलून आलीस तूच."

पुण्याहून मुलीचा फोन आला की मी सांगायची, आहे बरा, डाएट चालू आहे. फोनवर तिला त्याचं तोंड दाखवायची, पाय नाही.

शेवटी जायचं ठरवलं तर रिकाम्या हाताने जायला मन धजावेना. दुधीचे तुकडे उकडून डब्यात भरले आणि जेवायच्या सुट्टीत शेडमधे गेले. कुत्रा माझ्याबरोबर होता, मधे दोनदा थांबून, पण बसला नाही. मी डबा पुढे ठेवला आणि म्हटलं, त्याला घास द्यायचाच असेल तर यातला द्या.

काकीने डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि माझ्याकडे सरकवला. "घास आपल्या ताटातला काढतेत. तुमच्या डब्यातलं आमी दिलं, तर ते तुमचंच झालं की. आमचं काय त्यात?"

ती बरोबर बोलत होती आणि हे मलाही आधीच कळायला हवं होतं. मी डबा पिशवीत टाकला. मग जे होतं ते सांगितलं. त्याला उठता येत नाही. बांधला तर पाय आखडतात, सोडला तर इथे येऊन खातो आणि पुन्हा जड होतो. पावसाळ्याच्या आत हलका झाला नाही तर कायमचा बसेल.

एक तरुण पोरगी म्हणाली, "मग त्याला सांगून टाका, एकादशी धर म्हून."

"धरली की त्यानं, शिवरात्रीला," दुसरी म्हणाली. "तवाच तर पाय गेले." म्हणजे हमालांनी सगळं सांगितलं होतं. त्या हसल्या. काकी हसली नाही. तिने आपला घास नीट चावून खाल्ला.

"घरचं किती बंद केलं तुमी?"

"सगळं. आता मोजून देते."

"मग धा वर्सं काहून न्हाई मोजलं?"

शेडमधे तापलेल्या पत्र्याचा कडकड आवाज येत होता, ऊन मी म्हणत होतं, आणि कुत्रा मधेच उभा राहून एकेकीच्या हाताकडे बघत होता. काकीने बाकीच्यांकडे वळून सांगितलं, "रोज एकीचाच. आज तू. उद्या ती. बाकीच्यांनी बाहेर चिमण्याला टाका." मग जिची पाळी होती तिने बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडून त्याला दिला. त्याने तो गिळला आणि पुढच्या बाईसमोर जाऊन उभा राहिला. ती हात मागे घेऊन त्याला म्हणाली, "न्हाई रे राजा. आज न्हाई."

माझ्या तोंडाशी आलं होतं, की त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. खानावळीत रोज पन्नास लोकांशी बोलणारी बाई मी. एवढं एक वाक्य निघालं नाही. "येते," म्हणाले आणि आले.

त्यानंतर त्याला सोडू लागले. तो जायचा, यायचा. कपाळावर पिवळं असायचं, पण एकाच हाताचं. पुढच्या महिन्यात काट्यावर साडेतीन किलो उतरले होते. हमालाने आकडा सांगितला, पण ओरडून नाही, मला एकटीलाच. डॉक्टर म्हणाले, बरं चाललंय, आता सोडू नका. उठायला त्याला अजून वेळ लागे. पुढचे पाय आधी, मग मागचे, मधे एक लांब श्वास. टॉवेल मात्र दोरीवर वाळत पडलेला असे. मी शेडच्या बाजूने जायचं टाळत होते. भाजी आणायला लांबचा रस्ता घेत होते, ते नवऱ्याच्या लक्षात आलं होतं.

मेच्या अखेरीला मी त्याला वजनासाठी न्यायला गेले, तेव्हा तो आधीच शेडमधे जाऊन बसला होता. माल संपत आला होता. काही बायका बदलल्या होत्या. दोघी नव्या दिसत होत्या. मी पोत्यांच्या थप्पीआड थांबले. नव्यांपैकी एकीने घास मोडला तसा काकीने तिचा हात धरला.

"त्याला न्हाई. आज माझी पाळी हाय."

"काहून? आजारी हाय का?"

"आजारी न्हाई. जड झालाय. उरलंसुरलं घालून घालून घरच्यांनीच जड केलाय. आता उठता येत न्हाई त्याला, म्हून एकीचाच घास."

"कुनाचा हाय?"

काकीने आपल्या भाकरीचा तुकडा मोडला. तिने थप्पीकडे पाहिलं की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. मला पुढे होऊन "माझा आहे" म्हणायला हवं होतं. मी पोत्याच्या शिवणीवर बोट ठेवून उभी राहिले.

तेवढ्यात माझा वास लागला असावा. त्याने मान वर केली, पुढचे पाय रोवले, श्वास घेतला, आणि कोणी हात न लावता उठला. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. तो त्यांच्यातून वाट काढत, मागचं अंग डोलवत, सरळ थप्पीला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि माझ्या पायाला डोकं लावून उभा राहिला.

सगळ्यांच्या माना वळल्या. मी थप्पीआडून पुढे आले.